नानांची वही आणि ‘शक्तिमान’

आमच्या नेपियर टाउनमधील गल्लीत लग्नाच्या वरातीखेरीज दुसऱ्या कशानेही सगळी दारे एकदम उघडत नाहीत. गेल्या कार्तिकातील एका सकाळी मात्र ती उघडली. एका लांबलचक गाडीवर दोरखंडांनी बांधून आणलेला एक अवाढव्य, गंजलेला ट्रक नानांच्या परसदारी उतरवला जात होता. त्याच्या हौद्यात चिंचेचा पाला साचला होता, एका दिव्याच्या खोबणीत चिमणीचे घरटे होते आणि पुढच्या काचेच्या जागी गोणपाट लोंबत होते. नानांच्या पत्नी, आमच्या माई, तुळशीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, “चाळीस वर्षे हे कारखान्यात गेले. वाटले, निवृत्तीनंतर तरी सुटका होईल. आता कारखानाच घरी आला!”

ट्रक नानांच्या भाच्याचा होता. हा भाचा वडोदऱ्यास राहतो, संगणकाचा अभियंता आहे आणि जुन्या गाड्यांचा त्याला छंद आहे. कटनीजवळच्या एका खडीवाल्या कंत्राटदाराच्या आवारात हा ट्रक त्याला दिसला. अनेक वर्षे पाण्याची टाकी वाहून झाल्यावर तो चिंचेखाली उभा करून ठेवलेला होता. भंगारवाला दुसऱ्या दिवशी तो कापून नेणार होता. भाच्याने भंगाराच्याच भावाने तो घेतला आणि थेट मामांच्या दारी आणून उभा केला. कारण हा ट्रक जबलपूरचाच होता, आणि तो जेथे बांधला गेला त्या कारखान्यात नानांचे आयुष्य गेले होते.

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांचे वास्तव्य महू, सागर, बेळगाव, सिकंदराबाद अशा छावणीच्या गावी झाले आहे, त्यांना ‘शक्तिमान’ ट्रकचे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. पुढे फुगीर, बोथट नाक; उंच चाके; मागे हिरव्या कॅनव्हासचे छत; आणि त्या छताखाली समोरासमोर बसलेले जवान. शाळेत जाताना अशा गाड्यांची रांग लागली की आम्ही मुले रस्त्याच्या कडेला थांबून हात हलवीत असू, आणि मागच्या फळीवर हात टेकून बसलेला एखादा जवान हसून प्रतिसाद देई. फौजेत या गाडीला ‘थ्री टनर’ म्हणत.

हा ट्रक मूळचा जर्मनीचा. तेथील ‘मान’ या कंपनीशी परवाना-करार करून १९५८-५९च्या सुमारास जबलपूरच्या गन कॅरेज कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. कृष्ण मेनन त्या वेळी संरक्षणमंत्री होते, आणि सैन्याची वाहने आपल्याच आयुध-निर्माणीत तयार व्हावीत असा त्यांचा आग्रह होता. ‘मान’ हे नावही लहानसहान नव्हे. या कंपनीच्या आउग्सबुर्ग येथील कारखान्यातच रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ ते १८९७ या काळात आपले पहिले इंजिन सिद्ध केले. आज ज्या तेलाला आपण डिझेल म्हणतो, त्याला नाव देणाऱ्या माणसाचीच ही कर्मभूमी. प्रारंभी बरेचसे भाग जर्मनीहून येत आणि येथे जोडले जात. हळूहळू एकेक भाग येथे घडू लागला. १९६९ साली जबलपुरातच स्वतंत्र वाहन निर्माणी उभी राहिली आणि हे काम तिकडे गेले. तेथेच निस्सानचा एक टनी ट्रक आणि ‘जोंगा’ ही गाडीही तयार होई. ‘जोंगा’ हे नाव आफ्रिकेतले असावे असे मला पुष्कळ वर्षे वाटत असे. ते ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ यांतील आद्याक्षरांनी बनले आहे, हे नानांनी सांगितले तेव्हा मी खजील झाले.

‘शक्तिमान’चे उत्पादन १९९६ साली थांबले. त्याची जागा अशोक लेलँडच्या ‘स्टॅलियन’ने आणि टाटांच्या ट्रकने घेतली. १९६५ आणि १९७१ची युद्धे पाहिलेल्या या गाड्या मग लिलावात निघाल्या. येथे मनुष्यस्वभावाची एक गंमत दिसते. रणगाड्याला गावोगाव चौथरा मिळतो, भोवती साखळी आणि फुलझाडे लागतात. अहिल्यानगर येथे तर, ते अहमदनगर असताना, १९९४ साली रणगाड्यांचे एक खास संग्रहालय झाले आणि ते पाहण्यासारखे आहे. परंतु रणगाड्यापर्यंत तेल, तोफगोळे आणि भाकरी पोहोचविणाऱ्या ट्रकला बहुधा भंगारवालाच भेटतो. ईशान्येकडील डोंगराळ राज्यांत काही ‘शक्तिमान’ लाकूड आणि दगड वाहत राहिले. पण पोटासाठी राबणाऱ्या गाडीत जे मिळेल ते इंजिन बसवले जाते, जमेल तशी चासी कापली जाते. मूळचे इंजिन, मूळचा गिअर आणि मूळचा पत्रा एकत्र असलेला ट्रक त्यामुळे दुर्मिळ झाला आहे. भाच्याच्या ट्रकमध्ये हे तिन्ही होते. इंजिन मात्र गंजून जाम झाले होते.

भाच्याचा बेत असा होता की चार महिने बिनपगारी रजा घ्यावी आणि गाडी चालती करावी. पहिल्याच दिवशी तो पाना घेऊन पुढे सरसावला, तेव्हा नानांनी ओसरीवरूनच त्याला थांबवले.

“आठ दिवस काहीही खोलायचे नाही.”

“मग काय करायचे, मामा?”

“बघायचे. प्रत्येक नळी कोठून निघते आणि कोठे जाते ते लिहून काढायचे. छायाचित्रे घे. खोलणे शहाण्याचे काम नाही, ते पोरेही करतात. परत जोडताना कळते की माणूस शहाणा होता की नाही.”

नानांची दृष्टी काचबिंदूने जवळजवळ गेली आहे. उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते. अक्षर दिसत नाही. परंतु बोटांनी आणि कानांनी ते जे पाहतात, ते आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. माईंकडून लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि बिस्किटांचे डबे मागवण्यात आले. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, प्रत्येक बोल्ट आपापल्या डब्यात. नोझल काढून त्या भोकांतून सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल यांचे मिश्रण ओतले आणि आठवडाभर ते मुरू दिले. मग लांब पहार लावून इंजिन हाताने अंगुळ-अंगुळ फिरवले. पहिल्या दिवशी ते हलले नाही. तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, “सुटले.” मला तर काही ऐकू आले नव्हते.

सुट्या भागांचा शोध हे या उद्योगातील खरे तप होय. नानांनी भाच्याला त्याची एक सोपी विभागणी सांगितली. ती मला इतकी पटली की येथे देते. जुन्या गाडीचे भाग तीन जातींचे असतात.

पहिली जात जगभर एकाच मापात मिळणाऱ्या भागांची. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. तो वाचून मागितले की कोणत्याही मोठ्या गावी तेच बेअरिंग मिळते, मग गाडी जर्मन असो वा जपानी. तेलाच्या सीलची तीन मापे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ही तीन जुळली की पुरे. दुकानदारापाशी गाडीचे नाव घेतले तर तो मान हलवतो. मापे सांगितली तर फडताळातून काढून देतो. या ट्रकचे बोल्ट मेट्रिक मापाचे आहेत. नाना १९६४ साली जोडारी म्हणून लागले, तेव्हा त्यांच्या उस्तादांच्या पेटीत इंचाचे पाने असत आणि बोलण्यात ‘सूत’ असे. आपल्या देशात मेट्रिक वजने १९५८ साली सुरू झाली, जवळपास त्याच सुमारास हा मेट्रिक ट्रकही आला. बाजारात भाजीवाली छटाक-शेर विसरायला तयार नव्हती, तसे कारखान्यात उस्ताद सूत विसरायला तयार नव्हते. चुकीच्या पान्याने किती बोल्टांची डोकी गोल झाली, त्याच्या कथा नाना रंगवून सांगतात.

दुसरी जात गावातच घडवता येणाऱ्या भागांची. पत्रा, बुश, कमानीचे पाटे, हौद्याच्या फळ्या, गॅस्केट, खिडकीचे रबर. जुन्या गाडीत सर्वांत आधी रबर मरते. लोखंड शंभर वर्षे टिकेल. रबर ऊन-वाऱ्याने कडक होते, तडकते आणि भुगा होते. म्हणून ब्रेकमधील प्रत्येक रबरी वाटी आणि नळी, वरून कितीही चांगली दिसली तरी, नवीच घातली पाहिजे, हा नानांचा दंडक. कामाचा क्रमही त्यांनी ठरवून दिला होता: आधी ब्रेक, मग इंजिन. “गाडी थांबवता आली पाहिजे, हे पहिले. चालवण्याचे मागाहून बघू.”

तिसरी जात मात्र कठीण. पिस्टन, हेड, गिअरची दातेरी चक्रे, पुढच्या आसाचे सांधे. हे बाजारात मिळत नाहीत आणि गावच्या लेथवर होत नाहीत. ते एका मेलेल्या भगिनी-ट्रकच्या पोटातूनच काढावे लागतात. भाच्याने त्यासाठी जबलपूरची भंगाराची आवारे पालथी घातली, दिल्लीस मायापुरीला जाऊन आला, मुंबईत कुर्ल्याला दोन दिवस फिरला. सहांपैकी दोन पिस्टन गेलेले होते. कुर्ल्याहून त्याने मोठ्या आनंदाने दोन पिस्टन आणले. व्यास बरोबर होता, उंचीही जुळत होती. नानांनी एक पिस्टन हातात घेऊन त्याच्या माथ्यावरून अंगठा फिरवला आणि तो परत केला.

“वाटी निराळी आहे.”

त्याचे मर्म असे. साधारण डिझेल इंजिनात तेलाचा फवारा तापलेल्या हवेत मध्यभागी उडतो आणि भडका होतो; डिझेलचा तो ठोके दिल्यासारखा आवाज त्याचाच. ‘मान’ कंपनीच्या डॉ. मॉयरर यांनी १९५०च्या दशकात निराळी युक्ती काढली. पिस्टनच्या माथ्यात लाडू बसेल अशी गोल पोकळी ठेवावयाची आणि फवारा हवेत न उडवता त्या पोकळीच्या भिंतीवर सोडावयाचा. तेलाचा पातळ थर भिंतीवर पसरतो, त्याची थोडीथोडी वाफ होते आणि ती क्रमाक्रमाने जळते. आवाज इतका मऊ होतो की त्या इंजिनाला ‘कुजबुजते इंजिन’ असे नाव पडले. आता अशा इंजिनात दुसऱ्या पद्धतीचा पिस्टन घातला, तर फवारा एकीकडे आणि वाटी भलतीकडे अशी गत होते. वरून सारखी दिसणारी वस्तू आतून सारखी असतेच असे नाही.

शेवटी आसामातील एका लाकूड-वखारीत पडलेल्या ट्रकचा पत्ता लागला. पुष्कळ पत्रव्यवहार आणि दूरध्वनी झाले, आणि मार्गशीर्षाच्या अखेरीस लाकडी खोक्यातून दोन पिस्टन, काही चक्रे आणि एक डावा दरवाजा असा ऐवज येऊन पोहोचला. माईंनी त्या खोक्याला हळद-कुंकू वाहिले. थट्टेने की मनापासून, ते मी विचारले नाही.

भाग मिळाले. परंतु आणखी एक गोष्ट गहाळ होती, आणि तिचा पत्ता कोणालाच लागला नव्हता.

नाना नोकरीला लागले तेव्हापासून एक वही ठेवीत. कारखान्यात बोलणे हिंदीत, कागदपत्रे इंग्रजीत. पण स्वतःच्या आठवणीसाठी केलेली टिपणे मराठीत. तेलकट बोटांचे ठसे असलेली, जाड दोऱ्याने शिवलेली ही वही त्यांनी भाच्याच्या हवाली केली होती. कोणत्या बोल्टाला किती ताण, कोणती फट किती, कोणते चक्र आधी बसवायचे, हे सारे आकृत्यांसह तीत होते. लिहिणाऱ्याला ती दिसत नव्हती. ज्याला दिसत होती, त्याची अडचण निराळी होती.

भाचा घरी मराठी बोलतो, चांगली बोलतो. शाळा इंग्रजी माध्यमाची, भोवती गुजराती. हिंदीमुळे देवनागरी छापील अक्षर त्याला वाचता येते. पण नानांचे धावते हस्ताक्षर, अर्धवट शब्द आणि मराठी आकडे यांपुढे त्याचे घोडे अडले. आणि संकोचामुळे त्याने ते कोणाला सांगितले नाही. ‘आटे स्वच्छ पुसून तेल लावणे’ असे एके ठिकाणी होते. बोल्टावरच्या पेचांना आपण आटे म्हणतो. बिचाऱ्याला हिंदीतले पीठ आठवले, आणि मामांनी डब्याची आठवण वहीत का लिहिली असावी याचा तो दोन दिवस विचार करीत होता!

येथवर हसण्यासारखेच होते. पुढचे तसे नव्हते. हेड बसवण्याचा दिवस आला. हेडचे बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे त्याची आकृती वहीत होती. मधल्या बोल्टावर नानांनी ‘१’ लिहिला होता. घाईने काढलेला तो आकडा भाच्याला इंग्रजी नऊ वाटला. ‘४’ हा इंग्रजी आठ वाटला. आकड्यांचा मेळ लागेना, तेव्हा त्याने आपल्या सोयीचा अर्थ लावला आणि डाव्या टोकापासून ओळीने आवळीत सुटला. नाना ओसरीवर पडले होते. दोन बोल्ट झाले असतील-नसतील, तोच ते उठून बसले.

“अरे, कडेपासून का सुरुवात केलीस?”

पान्याचा आवाज कोठून येतो एवढ्यावरून त्यांनी ते ओळखले होते. हेड नेहमी मधून बाहेर, गोल-गोल फिरत, तेही एकदम नव्हे तर तीन फेऱ्यांत आवळायचे असते. पोळीपाटावरची पोळी आपण मधून कडेकडे लाटत नेतो तसे. कडेपासून सुरुवात केली तर मध्ये फुगा राहतो, गॅस्केट नीट दबत नाही, आणि इंजिन तापले की तेथूनच पाणी आणि वायू फुटतात. आसामाहून आणलेले पिस्टन पहिल्याच तासात वाया गेले असते.

नानांनी वही मागितली आणि उगाच तिच्या पानांवरून हात फिरवीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “चूक तुझी नाही. मी लिहिले ते माझ्यापुरतेच लिहिले.” मग माईंना म्हणाले, “शेजारच्या बाईंना बोलाव.”

बाई म्हणजे मी. तेहतीस वर्षे मी येथील शाळेत मराठी शिकवले. त्या अवधीत किती हस्ताक्षरे वाचली असतील त्याची गणती नाही. पण इंजिनाची वही वाचण्याची पाळी कधी आली नव्हती. त्या संध्याकाळपासून माघ संपेपर्यंत आमचा नेम ठरला. दिवेलागणीनंतर ओसरीवर मी वाचीत असे, नाना अर्थ सांगत, आणि भाचा स्वच्छ अक्षरांत नवी प्रत करीत असे. मला अक्षर लागे, पण अर्थ लागत नसे. नानांना अर्थ ठाऊक, पण अक्षर दिसत नसे. आणि ज्याच्या हातून काम व्हायचे त्याला दोन्ही नवीन. तिघे मिळून एक जाणता जोडारी तयार होत होता.

त्या वहीत काय काय होते! ‘फट इंजिन थंड असता मोजावी.’ ‘पाचर ठोकू नये, बसेल तशी बसू द्यावी.’ ‘वायसर विसरलो, संध्याकाळी पुन्हा सर्व उघडले.’ एका पानावर चक्रांच्या आकृतीशेजारी मुलीच्या बारशाचा खर्च होता. दुसऱ्या एका पानावर नुसतेच लिहिले होते: ‘आज रात्रपाळी. गाड्या थेट स्टेशनावर.’ तारीख डिसेंबर १९७१ची होती. मी वाचून थांबले. नाना काही बोलले नाहीत. भाच्याने ते वाक्यही आपल्या प्रतीत उतरवून घेतले.

मी भाच्याला मराठी आकडे गिरवायला दिले, पहिलीच्या मुलाला देतात तसे. प्रथम त्याला लाज वाटली. पुढे तो स्वतःच डब्यांवरच्या चिठ्ठ्या मराठी आकड्यांत लिहू लागला. जाताना एकदा म्हणाला, “मावशी, मला वाटत होते की मराठी आपल्याला येते.” मी त्याला म्हटले, “येतेच की. एवढाच भाग गळला होता, तो आता बसला.”

फाल्गुनात, होळीच्या आदल्या रविवारी, इंजिन सुरू करायचे ठरले. टाकी आतून घासून धुतलेली होती. डिझेलच्या नळीत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी हे इंजिन पेट घेत नाही, म्हणून पंपाजवळचा स्क्रू सैल करून हातपंपाने तेल पुढे ढकलीत राहावे लागते. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली तसे नाना म्हणाले, “आता आवळ.” बटण दाबले. दोनदा नुसती घरघर झाली. तिसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा एक लोट माईंच्या वाळवणावर गेला आणि इंजिन चालू झाले. सगळी गल्ली टाळ्या वाजवीत होती. नानांनी मात्र हात वर करून सर्वांना गप्प केले आणि मान तिरपी करून ते ऐकत राहिले. एक मिनिट, दोन मिनिटे. मग एवढेच म्हणाले, “चवथ्याचे नोझल पुन्हा बघावे लागेल. बाकी ठीक आहे.”

रंगाचा प्रश्न शेवटी आला. भाच्याच्या मनात लष्करी हिरवा रंग होता. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार संरक्षण खात्याखेरीज कोणाच्याही वाहनाला तो ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. आणखी एक निराशा होती. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी २०२१ साली जे विशेष नियम झाले, ते दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरते आहेत. मालट्रक त्यांत बसत नाही. म्हणजे एवढा खटाटोप करून गाडी रस्त्यावर मिरवणे कठीणच. भाचा दोन दिवस खिन्न होता. नाना म्हणाले, “मिरवायची कशाला? तिचे काम मिरवण्याचे नव्हतेच.”

जुना रंग घासताना दरवाजावर एकाखाली एक थर निघत गेले: कंत्राटदाराचा निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली हिरवा. हिरव्यावर अंधुक पांढऱ्या रंगात वर टोक केलेला बाण आणि त्यापुढे ६८ हा आकडा दिसला. लष्करी वाहनाच्या क्रमांकात बाणापुढचे दोन अंक साल दाखवितात. १९६८ साली नाना गन कॅरेज कारखान्यात याच जोडणीवर होते. भाचा उत्साहाने म्हणाला, “म्हणजे मामा, ही गाडी तुम्हीच बांधली!”

“तसे म्हणू नकोस,” नाना म्हणाले. “आम्ही पुष्कळ माणसे होतो. एखादा बोल्ट माझा असेल.”

ट्रकला आता साधा करडा रंग दिला आहे. दरवाजावरचा तळहाताएवढा तुकडा मात्र नानांच्या सांगण्यावरून तसाच ठेवला आहे: निळा, पिवळा, हिरवा, बाण आणि आकडा. या वर्षी गाडी वडोदऱ्याजवळच्या शेतावर जाईल आणि तेथे एका छपराखाली उभी राहील. महिन्यातून एकदा इंजिन चालवायचे, हे भाच्याने कबूल केले आहे. वहीची नवी प्रत गाडीबरोबर जाईल; मूळ वही माईंच्या देवघराच्या फडताळात राहील.

जबलपूरच्या आयुध-निर्माणींचा कारभार १ ऑक्टोबर २०२१ पासून नव्या सरकारी कंपन्यांकडे गेला. नानांच्या बरोबरीचे जोडारी आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. या साऱ्या प्रकरणात मला जे कळले ते इतकेच. पिस्टन आसामात सापडला, दरवाजा सापडला, चक्रे सापडली. नानांचा अंगठा आणि कान मात्र कोणत्याही भंगारात सापडणार नाहीत. त्यांची जेवढी नक्कल वहीत उतरली तेवढीच मागे राहील, आणि तीही वाचता आली तर.

त्या रात्री घरी येऊन मी माझ्या आजीची पाककृतींची आणि हिशेबांची वही काढली. पहिल्याच पानावर तीन शब्द मला लागले नाहीत. लिहिणारी गेली त्याला चाळीस वर्षे झाली. आता विचारायचे कोणाला? आपल्या घरी असे एखादे चोपडे असेल, आणि ते लिहिणारे माणूस अजून ओसरीवर बसलेले असेल, तर वाचकहो, हा अंक खाली ठेवा आणि आधी ते चोपडे त्यांच्यापुढे नेऊन उघडा. घरातल्या मुलालाही जवळ बसवा. आकडे त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.